मधुमेह नसलेल्या गावाला

आमच्या सोसायटीत प्रवासवर्णन लिहायचं राहिलंय असं आता फारसं कोणी उरलेलं नाही. मुलगा आयटीत लागतो, अमेरिकेला जातो, त्याला मूल होतं, मग आईवडील सहा महिने तिकडे जाऊन नातवाला सांभाळतात, एका रविवारी धबधबा पाहतात आणि परत आले की गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत दहा पानं लिहितात. तिकडे कोणी हॉर्न वाजवत नाही. तिकडे अनोळखी माणूसही हसतो. पुण्यात ओळखीचाही हसत नाही हे मला मान्य आहे, पण त्यासाठी दहा पानं कशाला?

यंदा स्मरणिकेच्या संपादकांनी मलाही विचारलं, "आपण कुठे जाऊन आलात का हो?"

"मांजरीला," मी म्हटलं.

ते म्हणाले, "म्हणजे ते हडपसरच्या पुढचं? तिथे काय आहे?"

कोथरूडहून तासाभरावर आहे. तिथे काय आहे ते लिहिते.

मी तीस वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर बाणेरच्या एका कंपनीने मला सल्लागार म्हणून बोलावलं. इमारत संपूर्ण काचेची. पुण्याच्या उन्हात काचेचं घर बांधायचं आणि मग यंत्राने इतकं गार करायचं की माणसं आत स्वेटर घालून बसतील, ही प्रगती मी तिथे प्रथम पाहिली. तिथे दर तिसरा माणूस व्हाइस प्रेसिडेंट होता. आमच्या वाट्याला आलेले साहेब त्यांतलेच एक.

काम असं होतं. एक धर्मादाय ट्रस्ट पुणे परिसरात मधुमेह तपासणीची सहा मोफत केंद्रं उघडणार होता. ती कुठे उघडावीत हे कंपनीने सांगायचं. कंपनीने बऱ्याच लॅबमधून रुग्णांच्या नोंदी गोळा केल्या, त्यात प्रत्येक भागातलं उत्पन्न, वाहनं, हॉटेलं, बागा, शेती असं जे हाताला लागलं ते सगळं घातलं आणि मॉडेल तयार केलं. मॉडेलने नकाशा रंगवला. मधुमेह जास्त तिथे लाल, कमी तिथे हिरवा.

मॉडेल करणारा सौरभ. धायरीचा मुलगा, हुशार. त्याने मला नकाशा दाखवला तेव्हा त्याचा चेहरा पहिलं पारितोषिक मिळाल्यासारखा होता.

"मॅम, ब्युटिफुल रिझल्ट आलाय. जिथे ऊस जास्त तिथे डायबेटिस कमी. शुगरकेन इज प्रोटेक्टिव्ह!"

"उसाने मधुमेह टळतो?"

"मॉडेल तसं म्हणतंय, मॅम."

"मॉडेलला कोणी ऊस दाखवलाय का?"

तो हसला. मी हसले नाही. म्हटलं, सगळ्यात लाल ठिपका आणि सगळ्यात हिरवा ठिपका मला डोळ्यांनी बघायचाय. साहेबांनी परवानगी दिली, कारण त्यांना प्रेझेंटेशनला फोटो हवे होते. "फील्डमधले दोन-चार फोटो असले की क्लायंट इमोशनल होतो," ते म्हणाले.

ट्रस्टने आमच्याबरोबर नर्स दिली. शैलाताई मेश्राम. मूळच्या भंडाऱ्याच्या, वीस वर्षं पुण्यात. त्यांच्या आजोबांनी छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली आणि पुढच्याच आठवड्यात दोन्ही मुलींचं नाव शाळेत घातलं, हे त्यांनी गाडीत बसल्याबसल्या सांगितलं. मांडीवर त्यांची काळी पिशवी. तीत साखर मोजायचं छोटं यंत्र.

सोमवार, बिबवेवाडी

सगळ्यात लाल ठिपका बिबवेवाडीत होता. गाडी त्या पत्त्यावर थांबली. समोर तीन मजली इमारत. खाली पिठाची गिरणी, वर रक्त तपासायची लॅब, तिच्यावर कुलूप लावलेलं एक ट्यूशनचं दार. राहणारं माणूस एकही नाही. शहरातले सर्वाधिक मधुमेही ज्या जागी असल्याचं मॉडेल सांगत होतं, तिथे फक्त ज्वारी दळली जात होती. सौरभने कागद उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला.

आम्ही लॅबमध्ये गेलो. काउंटरवरच्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, "रिपोर्ट सहानंतर."

"आम्ही रिपोर्टसाठी नाही आलो."

"मग इथे दुसरं काही मिळत नाही."

मला बरं वाटलं. काचेच्या इमारतीत महिनाभर सगळे गोड बोलत होते.

मी कंपनीचं पत्र दाखवलं आणि विचारलं, एवढे पेशंट तुमच्याच पत्त्यावर कसे? बाई म्हणाल्या, "पलीकडे मार्केट यार्ड आहे, ठाऊक असेलच. कुठून कुठून माणसं माल घेऊन येतात. बाहेर मोफत तपासणीचा बोर्ड बघतात, रक्त देतात. आता त्यांचा पूर्ण पत्ता, पिनकोड त्यांना माहीत नाही, मला तरी कसा असणार? आणि पत्ता टाकल्याशिवाय कॉम्प्युटर पुढे जात नाही. मग मी आमचाच टाकते. जातो पुढे."

सौरभ म्हणाला, "पण मॅम, त्याने सगळा डेटा..."

"पन्नास माणसं रांगेत असतात," बाई म्हणाल्या. "तुमचा डेटा त्यांच्या मागे उभा राहील."

शैलाताईंनी विचारलं, "रिपोर्ट न्यायला परत येतात का हे लोक?"

बाईंनी खालचा खण ओढला. खणात पाकिटं दाबून भरली होती. टेम्पो सुटला की माणसं जातात, परत येतात ती पुढच्या मालाबरोबर, आणि तोवर रक्त दिल्याचं विसरलेली असतात. ज्यांनी फोन नंबर दिला त्यांना फोन केला. बाकीचे खणात.

प्रत्येक पाकिटाला मूळ फॉर्म टाचलेला होता आणि त्यावर हाताने गावाचं नाव लिहिलेलं होतं. लोणी. फुरसुंगी. उरुळी. मांजरी. मॉडेलने जे जे हिरवं केलं होतं ते सगळं त्या खणात होतं. तिकडच्या गावांत लॅबच नव्हती, म्हणून तिकडून नोंद आली नाही. नोंद नाही तिथे मॉडेलने शून्य धरलं. आणि त्यांतले जे कोणी तपासून घ्यायला इथवर आले, ते बिबवेवाडीच्या नावावर जमा झाले.

शैलाताई पाकिटं उघडून भराभर आकडे बघत होत्या. एका पाकिटावर थांबल्या. "मॅडम, हे पाहा. हौसाबाई, मांजरी. तीन महिन्यांपूर्वीचा आहे. ही बाई अजून चालून-फिरून राहिली असेल तर नवल. आजच जाऊ ना."

गाडी पाचला परत द्यायची होती. दुसऱ्या दिवशी धायरी ठरलेली, तिथे सौरभच्या आईने जेवायला बोलावलेलं. मी म्हटलं, "सगळ्यात हिरवा ठिपका मांजरीचाच, परवा तिथेच जायचंय. दोन दिवसांनी काय बिघडतंय?"

तीस वर्षं मी वर्गात सांगत आले की आकड्यामागे माणूस असतो. वर्गात सांगायला सोपं असतं.

निघताना बाई म्हणाल्या, "नेताय तर सगळीच न्या. इथे सही करा." खण रिकामा झाल्याचा आनंद त्यांनी लपवला नाही.

मंगळवार, धायरी

धायरीही लाल होती, पण तिथला लाल खरा निघाला. सौरभच्या घराण्याची जमीन गेली, तिच्यावर सोसायट्या उभ्या राहिल्या, त्यांतल्याच एका सोसायटीत आता हे राहतात. संक्रांत नुकतीच झालेली. सौरभच्या आईने बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि वर गुळाच्या पोळ्या केल्या होत्या. मी हात आखडता घेतला तर म्हणाल्या, "घ्या की. साखर नाय त्यात, गूळ हाय."

जेवताना वडिलांनी आपली साखर सांगितली. मग शेजाऱ्यांची. मग सोसायटीच्या चेअरमनची, जी त्यांच्यापेक्षा दहाने जास्त होती आणि याचं त्यांना समाधान होतं. इथे दर महिन्याला कोणीतरी मोफत शिबिर घेतं. नगरसेवक व्हायचं तर आधी चारशे लोकांच्या बोटांना सुई टोचावी लागते. सकाळी फिरायला जाणारी माणसं गाडीच्या ॲव्हरेजसारखी एकमेकांना साखर विचारतात. खालच्या मजल्यावर ज्यांना मधुमेह नाही असं एकच जोडपं होतं, त्यांच्याबद्दल सगळे जरा हळू आवाजात बोलत. त्यांनी म्हणे तपासलंच नसेल.

"म्हणजे मॅम," सौरभ म्हणाला, "धायरी रेड आहे कारण इथे सगळे टेस्टेड आहेत."

"आणि मांजरी?"

त्याने तिसरी पोळी ताटात तशीच ठेवली. आईने दोनदा विचारलं, तूप कमी झालं का.

बुधवार, मांजरी

रेल्वेच्या फाटकावर गाडी अर्धा तास थांबली. दोन्ही बाजूंना ऊस, आणि उसाच्या डोक्यावर पोहण्याच्या तलावाचं चित्र असलेले बिल्डरांचे बोर्ड. निसर्गाच्या कुशीत राहा, असं लिहिलं होतं. निसर्ग अजून तिथेच होता, कुशीत राहायला येणाऱ्यांची वाट बघत. सौरभने गाडीतूनच एक फोटो काढला. साहेबांसाठी.

हौसाबाईंचं घर विचारत विचारत आम्ही एका पाटाच्या कडेने चालत गेलो. सकाळी पाणी सोडलेलं होतं. माझी एक सँडल चिखलात रुतली ती बाहेर आली तेव्हा तिला पट्टा नव्हता. शैलाताईंनी पिशवीतली बँडेजची पट्टी काढून ती माझ्या पायाला बांधून दिली. "आजची पहिली पेशंट तुम्हीच," म्हणाल्या.

घर पत्र्याचं, अंगण सारवलेलं. हौसाबाई ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. पन्नाशीच्या असतील. अंगावरचं पोलकं खांद्यावरून घसरत होतं, इतक्या वाळलेल्या. त्यांचे यजमान, ज्यांना सगळे नाना म्हणत, तांब्या भरून घेऊन आले. आम्हाला म्हणून आणलेलं पाणी हौसाबाईंनीच पिऊन टाकलं आणि मग ओशाळल्या.

"काय करावं, तहानच भागंना. घागरभर पाणी पुरंना मला एकटीला."

मी पाकीट दिलं. त्यांनी ते उलटंपालटं केलं. "हां, ते यार्डातलं व्हय? लई लांबून आलासा."

आमच्या सोसायटीत कुरियरवाल्यालाही पाणी विचारत नाहीत. इथे तीन महिने उशिरा आलेल्या कागदाबद्दल आमचे आभार मानले गेले आणि नाना चहाला आधण ठेवायला गेले.

शैलाताईंनी तोवर हौसाबाईंचं बोट टोचलं. यंत्र थोडा वेळ विचार करत राहिलं. मग त्याच्यावर आकडा आलाच नाही. दोन इंग्रजी अक्षरं आली.

"काय म्हणतंय ते?" नानांनी आतून विचारलं.

सौरभने वाकून वाचलं. "हाय," तो म्हणाला.

"हाय ना?" हौसाबाई म्हणाल्या. "मग बरं हाय."

साखर यंत्राला मोजता येण्याच्या पलीकडे गेली की यंत्र इंग्रजी 'हाय' लिहितं, म्हणजे फार जास्त. शैलाताईंनी दुसरं बोट टोचलं. पुन्हा तेच. मग त्यांचा आवाज बदलला. "ताई, पाय दाखवा."

"पायाला काय न्हाई."

"दाखवा ना."

उजव्या पायाला फडकं गुंडाळलेलं होतं. दिवाळीच्या सुमाराला उसाचं धसकट लागलं होतं. हळद भरली, तंबाखूची राख भरली, चुना लावला. दुखत नव्हतं म्हणून बरं होतंय असं त्यांनी धरलं होतं. शैलाताईंनी फडकं सोडलं. करंगळी आणि शेजारचं बोट काळं पडलेलं होतं. त्या वासाचं वर्णन मी करत नाही.

"नाना, चहा राहू द्या," शैलाताई म्हणाल्या. "गाडी आहे. आत्ता निघायचं."

नाना दारात उभे राहिले. "मेथी पडली हाय सगळी. उद्या यार्डाला न्यायची. परवा जाऊ की."

माझ्याच तोंडचं वाक्य मला परत ऐकायला आलं होतं. मी म्हटलं, "अहो नाना, आपण परवावर टाकलं तर पाय जाईल. सोमवारी यायला हवं होतं, आम्ही आज आलो. आता तुम्ही उशीर करू नका."

नानांनी मेथीवर ओलं पोतं टाकलं आणि दाराला कडी घातली.

गाडीत हौसाबाई मागे, मध्ये बसल्या. सौरभच्या मांडीवर लॅपटॉप उघडा होता, तो बंद करायचं त्याला सुचलं नव्हतं. हौसाबाईंना ते चित्र आवडलं.

"हे काय वो?"

"नकाशा आहे, मावशी. पुण्याचा."

"आमचं गाव कुठं हाय त्यात?"

त्याने बोट ठेवलं.

"हिरवंगार हाय की. ऊस दावलाय व्हय?"

"नाही. हिरवं म्हणजे..." तो अडखळला. खोटं बोलायची सवय नसलेला मुलगा. "म्हणजे तिथे साखरेचा आजार नाही."

हौसाबाईंनी फडक्यातल्या पायाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "मग मला काय झालंय, बाबा?"

सौरभने लॅपटॉप मिटला.

सरकारी रुग्णालयात शैलाताईंनी काय केलं ते मला नीट कळलं नाही, पण जिथे लोक सकाळपासून बसले होते तिथे डॉक्टर दहा मिनिटांत आले. दोन बोटं काढावी लागली. पाऊल वाचलं. आणखी उशीर झाला असता तर पाऊल गेलं असतं, डॉक्टर म्हणाले. दोन दिवस आधी आणलं असतं तर काय झालं असतं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

परत आल्यावर

शुक्रवारी बैठक होती. मी खणातली सगळी पाकिटं गावांप्रमाणे लावून, रबरबँड घालून घेऊन गेले होते. सौरभने नवा नकाशा केला होता. जिथे तपासणीच झालेली नाही तो भाग त्याने करड्या रंगात दाखवला. पूर्वेकडचं सगळं हिरवं एका रात्रीत करडं झालं होतं.

साहेबांनी नकाशा पाहिला. "हे काय? असं वाटतंय की आपण काम अर्धवट टाकलंय."

"टाकलंच आहे," मी म्हटलं. "जिथे माहीत नाही तिथे माहीत नाही असं लिहा."

"मॅडम, विथ रिस्पेक्ट, एका बाईवरून मॉडेल बदलत नाही. तुम्हीच हे शिकवत असाल."

बरोबर होतं. हेच शिकवत होते. मी रबरबँड काढून पाकिटं टेबलावर पसरली. "ही एक बाई नाही. आणि मॉडेल बदला असंही मी म्हणत नाही. मॉडेलला जे कळलेलं नाही ते त्याच्या तोंडी घालू नका."

"सोमवारी क्लायंटला द्यायचंय."

"मग माझं नाव काढून द्या."

"माझंही," सौरभ म्हणाला. त्याने ते नुसत्या मराठीत म्हटलं, एकही इंग्रजी शब्द न घालता. त्या खोलीत तो पहिल्यांदाच असं बोलत होता. सगळे त्याच्याकडे असे बघायला लागले की जणू त्याने बूट काढून टेबलावर ठेवले.

नावं निघाली. अहवाल गेला. गुळगुळीत कागदावर, मुखपृष्ठावर उसाचा फोटो. कुठल्याशा पेपरात आतल्या पानावर बातमी आली की उसाच्या पट्ट्यात मधुमेह कमी, अभ्यासकांचं मत. आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी त्या दिवसापासून रोज संध्याकाळी रस प्यायला सुरुवात केली. मी त्यांना अडवलं नाही. ते अमेरिकेला जाऊन आलेले आहेत.

सहा केंद्रांपैकी पाच लाल भागात निघाली, जिथे तपासलेल्या माणसांना पुन्हा तपासतात. शैलाताईंनी ट्रस्टच्या कार्यालयात ठाण मांडून सहावं मांजरीला ओढून आणलं. आठवड्यातून दोन दिवस उघडं असतं. हौसाबाई लंगडत का होईना, चालत तिथे जातात आणि रांगेतल्या बायकांना पाय दाखवून घाबरवतात. त्याचा उपयोग अहवालापेक्षा जास्त होतो, असं शैलाताईंचं मत. सौरभने नोकरी सोडली वगैरे नाही. घराचा हप्ता आहे. पण रविवारी तो स्वतःची गाडी घेऊन येतो.

कारण पाकिटं उरली होती. आम्ही तिघं दर रविवारी ती वाटत हिंडलो. कुठे घर सापडलं नाही, कुठे माणूस गाव सोडून गेलेला, कुठे कुत्रं अंगावर आलं, बऱ्याच ठिकाणी चहा मिळाला. काहींनी कागद वाचून घेतला, काहींनी देवापुढे ठेवला.

फुरसुंगीला एका घरी दार उघडलं ते एका तरुण बाईने. मी नाव वाचलं. ती म्हणाली, "मालक माझे. दोन महिनं झालं, वारले."

शैलाताईंनी पाकीट परत पिशवीत घालायला घेतलं. बाईंनी हात पुढे केला. "द्या की. त्यांचंच हाय ना?" त्यांनी ते उभ्याउभ्याच उघडलं. वाचता येत होतं त्यांना. आकड्यावर बोट ठेवून विचारलं, "हे लई हाय का?"

"हो," मी म्हटलं.

"हा कागद तवा आला असता तर वाचलं असतं का ते?"

एका माणसाबद्दल असं काही सांगता येत नाही. हे उत्तर शास्त्राला धरून आहे, मी ते हजारो मुलांकडून पाठ करून घेतलेलं आहे, आणि ते माझ्या ओठांवर आलेलं होतं.

"वाचले असते," मी म्हटलं.

बाईंनी मान हलवली. कागदाची घडी घातली, पदरात खोचली. आम्ही ओट्यावर टेकलो होतो, उठायचं कसं ते सुचत नव्हतं. त्यांनी शैलाताईंच्या पिशवीकडे पाहिलं.

"अजून किती हायती त्यात?"

"एकवीस," सौरभ म्हणाला.

"मग बसलासा काय? उठा."

आम्ही उठलो.